अक्रोडाचे बत्तीस पापुद्रे

अंकुरची नि माझी ओळख माझ्या चपलेमुळे झाली. देवासला दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फर्निचरचा कारखाना आहे. त्यांचा डबा द्यायला गेले आणि जमिनीवर पसरलेल्या विनियरवर सरळ पाय दिला.

"मॅडम... अक्रोड आहे ते. पापडासारखं मोडतं."

रागावून नाही हं, काकुळतीनं म्हणाला. मी वर पाहिलं आणि झालं, माझी विकेट गेली.

अंकुर धारचा. विनियर म्हणजे लाकडाचे कागदाएवढे पातळ पापुद्रे; ते जोडायचं त्याचं काम. एकाच ओंडक्याचे बत्तीस पापुद्रे, मागे पेन्सिलीनं नंबर. एक सरळ ठेवायचा, शेजारचा उलटा, की रेषा समोरासमोर येतात. मी रोज डबा न्यायला लागले. पाणी लावून खरा रंग कसा बघायचा, ते त्यानं शिकवलं. बोटाला बोट लागलं, तर दोघंही लाकडाकडेच बघत राहिलो... पुढे मॅडमची कृतिका झाले.

पण हे पापुद्रे इंदूरच्या एका बंगल्याच्या दरवाजांसाठी होते; ते दरवाजे झाले, की तो धारला परत जाणार होता. मग मी वेड्यासारखं काय केलं? त्याचा डोळा चुकवून खोडरबरानं सगळे नंबर पुसले आणि गठ्ठा पिसून ठेवला. नुसत्या नजरेनं जुळवायला त्याला आठवडा लागला. मी पुन्हा तेच केलं.

मे महिना होता. इतके दिवस उघड्यावर राहिलेले पापुद्रे कोरड्या हवेनं तडकले, आणि तसा दुसरा ओंडका मिळणार नव्हता. दादा चिडले की हिंदीवर येतात. सगळ्यांसमोर त्याला वाट्टेल ते बोलले. अंकुर एवढंच म्हणाला, की झाकून ठेवायचं माझ्याकडून राहिलं. त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. मी तिथेच होते, हातात डबा घेऊन. तोंड उघडलं नाही. घाबरट कुठली!

तीन आठवड्यांनी कसाबसा धीर करून धारला गेले. तो गुजरातला कामाला निघाला होता, बॅग भरत होता. त्याच्या आईनं, यमुनाबाईंनी, पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. मी नंबरांचं सगळं सांगून टाकलं.

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "दुसऱ्या वेळी तर तासाभरात जुळवले होते. मग मीच परत विस्कटले."

"का?"

"तू का पुसलेस? त्यासाठीच."

मला रडू आवरेना. "मी आजच दादांना सांगते. तू परत ये... माझा जीव आहे रे तुझ्यावर."

"माझाही आहे," तो म्हणाला. "पण दादा बोलत होते ना, तेव्हा मी फक्त तुझ्याकडे बघत होतो, कृतिका. एक शब्द बोलली असतीस, तर काम गेल्याचं मला काही वाटलं नसतं."

घरी येऊन मी दादांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरच स्पीकरवर अंकुरला फोन लावला, चुकलो म्हणाले, परत ये म्हणाले. अंकुरनं त्यांचे आभार मानले, पण यायला नाही म्हणाला. दादांची तब्येत विचारली, कारखान्यातल्या एकेकाची नाव घेऊन चौकशी केली. माझं नाव घेतलं नाही.