झाकण लावून काढलेले फोटो

दिवा राहू दे, मंडळी, मालवू नका. घाबरवायला सांगत नाही, घडलं तसं सांगतो. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझ्या दुकानासमोरचा चष्मेवाला. आजही दुकान उघडताना आम्ही एकमेकांना हात करतो.

डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. संध्याकाळी साडेसहाला तो माझ्याकडे आला. माझं दुकान पत्र्याच्या डब्यांचं.

"आठ इंची झाकण हवंय. घट्ट बसणारं."

"आणि डबा?"

"डबा नको."

चाळीस वर्षांच्या धंद्यात डब्याशिवाय झाकण मागणारा हा पहिलाच. म्हटलं, कुणाचं तोंड बंद करायचंय? तो हसला नाही. खिशातून सुतळी काढून त्याने तीन झाकणं मापली, एक निवडलं आणि गेला.

त्याला आकाशाचे फोटो काढायचा नाद. गच्चीवर दुर्बीण, दुर्बिणीला कॅमेरा, आणि त्याची वायर जिन्यातून खाली त्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला. कॅमेरा दर तीन मिनिटांनी एक फोटो काढतो. मग हा ते फोटो एकापाठोपाठ भराभर बघतो. तारे जागच्या जागी राहतात. त्यांच्यात काही सरकलं, तर ते वेगळं काहीतरी.

मंगळवारी सरकलं होतं. तांबूस, बारीक ठिपका. आठ फोटोंत आठ जागी, एका तिरक्या ओळीत वर चढत गेलेला. मग ढग आले. विमान म्हणावं तर ते एवढं सावकाश जात नाही. उपग्रह असता तर एकाच फोटोत लांब रेघ उमटली असती. माहीत असलेल्या सगळ्या लघुग्रहांची यादी त्याने धुंडाळली. त्या जागी कुणीच नव्हतं.

नवा असेल तर? दुसऱ्या एका रात्रीही दिसला, तर कळवता येतं. आणि पुढेमागे नाव सुचवता येतं. नाव त्याचं ठरलेलं होतं... दादाचं.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. घड्याळजी. नाद मूळचा त्याचा, यानं उचललेला. दादाची शिस्त कडक. काम संपलं की दुर्बिणीला झाकण लागलंच पाहिजे. झाकणावर त्याने पांढऱ्या रंगात बाराचा आकडा काढला होता आणि तो बरोबर वरच्या बाजूला येईल असंच ते लावायचा. हा आपला कसंही दडपून मोकळा. दादा म्हणायचा, "तुझ्याकडे कायम पावणेचार वाजलेले असतात."

चौदा महिन्यांपूर्वी हा झाकण लावायलाच विसरला. झाकण खोलीत टेबलावर आणि हा अंथरुणात. रात्री पाऊस आला. दादा उठला, झाकण घेतलं, लाल कागद लावलेली बॅटरी घेतली. आकाश बघणारे पांढरा उजेड वापरत नाहीत, डोळे दिपतात. जिना सतरा पायऱ्यांचा. आठ पायऱ्या, मग सपाट चौक, मग वळून नऊ. अकराव्या पायरीवरून दादा पडला. तो गेलाच.

झाकण कुठेच सापडलं नाही. जिन्याखाली नाही, गटारात नाही, शेजारच्या अंगणातही नाही.

वहिनीला वाटलं, नवरा भर पावसात तारे बघायला गेला. तेव्हापासून ती दादाचं नाव रागानेच घ्यायची. "संसारापेक्षा तारे मोठे झाले." आणि हा मान खाली घालून ऐकायचा. खरं काय ते यानं तिला सांगितलंच नाही. लघुग्रहाला नाव देऊन हे ऋण फेडू, असं त्याच्या मनात.

आता झाकणाचं. जुन्याजाणत्या एका मास्तरांना त्याने मंगळवारचे फोटो पाठवले होते. मास्तर फोनवर म्हणाले, "आनंदाला लगाम घाल. आधी दुर्बिणीला घट्ट झाकण लाव आणि अंधाराचे फोटो काढ. तरीही ठिपका दिसला, तर तो आकाशात नाही. तुझ्या कॅमेऱ्यात आहे."

एरवी हा दुर्बिणीला टॉवेल गुंडाळायचा. टॉवेलातून उजेड झिरपतो. म्हणून माझ्याकडे.

आकाश स्वच्छ होतं. चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची होती. नऊ चाळीसला त्याने गच्चीवर माझं झाकण बसवलं, खाली आला, खोलीचं दार लावलं आणि कॉम्प्युटरसमोर बसला. फोटो काळाकुट्ट यावा एवढीच इच्छा.

नऊ त्रेचाळीस. पहिला फोटो.

ठिपका होता.

त्याचं अवसानच गळालं. बिघाड. दादाचं नाव गेलं. तो बंद करायला उठला, आणि मनात पाल चुकचुकली. ठिपका अगदी त्या जागी होता, जिथे मंगळवारी आठवा ठिपका थांबला होता.

नऊ शेहेचाळीस. ठिपका बाजूला सरकला होता. आडवा.

"कॅमेऱ्यातला बिघाड हलत नाही," तो स्वतःशीच म्हणाला. बरोबर ना, इंजिनिअरबाई? तू मघापासून तिथे कोपऱ्यात बसून तेच म्हणायला तोंड उघडते आहेस.

नऊ एकोणपन्नास. आता वर. पण उलट दिशेने.

नऊ बावन्न. आणखी वर.

त्याने मंगळवारचे आणि आजचे फोटो एकावर एक ठेवले. आठ ठिपके चढत गेलेले. मग थोडं सपाट. मग वळून...

चष्म्याच्या काचा पुसल्या. पुन्हा पाहिलं.

जिना होता.

त्याच्या दाराबाहेरचा. दारापासून हातभर अंतरावर. आणि मंगळवारपासून कुणीतरी आठव्या पायरीवर थांबलं होतं.

नऊ पंचावन्न. अकरावी पायरी.

दाराखालच्या फटीत काळोख. पावलांचा आवाज नाही. कसलाच नाही.

नऊ अठ्ठावन्न. ठिपका तिथेच.

दहा वाजून एक मिनिट. तिथेच.

तो दाराकडे बघत होता. उठला नाही. कडी काढली नाही.

"दादा..."



"दादा, झाकण मीच विसरलो होतो."

...

"वहिनीला सांगतो. उद्या सांगतो."

दहा चार.

ठिपका बाराव्या पायरीवर.

मग तेरा. चौदा. दर तीन मिनिटांनी एक. हा मोजत होता, ओठ हलवत, आवाज न करता. दहा एकोणीसला सतरावी.

त्यानंतरचे फोटो काळे. सगळे. सकाळपर्यंत.

तो खुर्चीतच बसून राहिला. उजाडल्यावर वहिनी कपडे वाळत घालायला वर गेली. बादली आपटल्याचा आवाज आला. मग तिची हाक.

"भावोजी, वर या जरा."

तो सतरा पायऱ्या चढला. माझं झाकण बाजूच्या स्टुलावर ठेवलेलं होतं, नीट. दुर्बिणीला दुसरंच झाकण होतं. जुनं, काळं.

"यांचं झाकण कुठे सापडलं तुम्हाला?" वहिनी म्हणाली.

तो अकराव्या पायरीवर येऊन बसला आणि तिथून तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती कठड्याला धरून ऐकत होती.

"म्हणजे ते तारे बघायला नव्हते गेले," ती शेवटी म्हणाली.

"नाही, वहिनी. माझं राहिलेलं काम करायला गेले होते."

तिने पदर डोळ्यांना लावला. मग वर गेली आणि झाकणावरून हात फिरवला. रात्रभराचं दव होतं त्यावर. ती पुसत गेली तसा खालून पांढरा रंग दिसू लागला.

बाराचा आकडा. बरोबर वरच्या बाजूला.