बोरदऱ्याच्या लपवलेल्या शेळ्या

"या शेळ्या कुणाच्या?"

आवाज डोक्यावरून आला तेव्हा रोहिणी ओढ्यात उकिडवी बसली होती. एका काखेत करडू, दुसऱ्या हातानं बोकडाचं तोंड घट्ट दाबून धरलेलं, आणि भोवती आईच्या सगळ्या शेळ्या बाभळीचा पाला ओरबाडत उभ्या. तिनं वर पाहिलं. काठावर एक तरुण उभा होता. खांद्याला लशीचा डबा, हातात जनावरांच्या कानात बिल्ले मारायचा चिमटा, आणि चेहऱ्यावर हसू आवरायची धडपड.

"कुठल्या शेळ्या?" रोहिणीनं विचारलं.

तेवढ्यात बोकडानं तोंड सोडवून घेतलं आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा तो ओरडला.

"मला आवाज आला..."

"वारा असंल."

"तुमच्याकडं वाऱ्याला दाढी असते का हो?"

रोहिणीनं ओठ मिटून घेतले, पण डोळे हसलेच. त्यानं ते पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं. मग चिमटा पिशवीत टाकून म्हणाला, "बरं. मला काही दिसलं नाही." आणि मागं बघत बघत निघाला. पुढची बाभळ मात्र त्याला खरोखरच दिसली नाही. काटे काढत, शर्ट सोडवत तो गेला तोवर रोहिणी पोट धरून हसत होती.

हा वाल्मिक. राहात्याचा, नुकताच खर्ड्याला जनावरांच्या दवाखान्यात आलेला. त्याचं पद काहीतरी लांबलचक होतं, पण हातात सुई आहे म्हटल्यावर गावासाठी तो डॉक्टर. आणि डॉक्टर आला की अख्खं बोरदरा गाव जनावरं लपवायचं, कारण तो ती मोजायचा. बोरदऱ्यातला माणूस घरातली भांडणं सांगेल, सुनेचं वय सांगेल, पण शेळ्या किती ते सांगणार नाही. मोजल्या की दृष्ट लागते. कुणी विचारलंच तर 'हाईत चार-दोन' म्हणून मोकळं व्हायचं. कुणा पाहुण्यानं बोट दाखवून छबूबाईच्या शेळ्या मोजल्या आणि तिची गाभण शेळी गेली, ही गोष्ट गावात तान्ह्या लेकराच्याही कानावर पडलेली. रोहिणी बी.ए. झालेली, तिचा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण तिच्या आईपुढं, रतनबाईपुढं, बी.ए.चं काही चालत नसे.

गणपती उठले आणि सरपंच आबासाहेबांनी ग्रामसभा बोलावली. विषय एकच, गावचं गायरान. त्या जागी आबासाहेबांच्या मेहुण्याला मंगल कार्यालय बांधायचं होतं, वर राहायच्या खोल्या. "शिर्डीला जाणारे भाविक मुक्कामाला थांबतील," आबासाहेब सांगत सुटले. शिर्डी कुठं आणि आपण कुठं, हे पारावर सगळे म्हणाले, पण आबासाहेब चहा पाजून निघून गेल्यावर. त्यांचं दुसरं म्हणणं मात्र जड होतं. गावात जनावरंच उरली नाहीत, सरकारी दप्तरातही तसंच आहे, मग चराईला जागा कशाला?

रोहिणीला पुढचं दिसत होतं. गायरान गेलं की शेळ्या गेल्या, आणि शेळ्या गेल्या की आईच्या हातात पुन्हा ऊसतोडीचा कोयता. तिचं लहानपण साखर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या खोपीत गेलं होतं. या शेळ्यांमुळंच आईचा कोयता सुटला होता आणि तिची शाळा टिकली होती. आईला परत त्या खोपीत पाठवायचं नाही, हे तिनं तिथल्या तिथं ठरवलं आणि तडक खर्ड्याचा दवाखाना गाठला.

"आमच्या गावात शेळ्या न्हाईत असं तुमीच लिवलं?"

वाल्मिक एका म्हशीच्या मागच्या बाजूला अवघड कामात होता. तिथूनच त्यानं मान वर काढली. "तुम्हीच तर म्हणालात... कुठल्या शेळ्या?"

रोहिणी रागावायला आली होती. राग पुरता सापडेना.

"ते तुमी खरं मानलं?"

"अशा डोळ्यांनी सांगितल्यावर... मानलं." म्हशीनं शेपटी फटकारली, ती त्याच्या गालावर बसली. म्हशीचा मालक खोकला. वाल्मिकनं हात धुतले आणि सरळ कामाचं बोलला. "ग्रामसभेच्या आत सगळ्या जनावरांना बिल्ले मारू. मी दप्तर दुरुस्त करतो. पण या वेळी शेळ्या घरात पाहिजेत. ओढ्यात नाही."

गावातल्या बायका मात्र ऐकेनात. गायरान पाहिजे, पण शेळ्या मोजायच्या नाहीत! रोहिणी घसा बसेपर्यंत बोलली. शेवटी तोड काढली ती छबूबाईनं. "दृष्ट कुणाची लागती? मोजणाऱ्याची. मग मोजणाऱ्याचीच दृष्ट काढायची, म्हंजे ती तितंच मरंल."

हे सगळ्यांना पटलं. वाल्मिकला कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून वरात निघाली. पुढं रोहिणी, मागं चिमटा घेतलेला वाल्मिक. प्रत्येक दारात आधी त्याला पाटावर बसवायचं, मीठ-मोहऱ्या उतरवायच्या, मिरच्या चुलीत टाकायच्या आणि मगच शेळ्या बाहेर काढायच्या. चार घरं होईतो त्याचे डोळे लालभडक झाले, नाक गळायला लागलं. एका म्हातारीनं तर मिरच्या कमी पडल्या म्हणून शेजारून मागवल्या.

"डॉक्टर, सोडून देताय का?" रोहिणीनं पाण्याचा तांब्या पुढं करत विचारलं.

"सोडलं तर तुमच्या घरापर्यंत कसा येणार?" तो शिंकत म्हणाला.

तिचं घर सगळ्यात शेवटी आलं. रतनबाई शेळ्या बांधत होती, म्हणून मीठ-मोहऱ्यांची मूठ रोहिणीच्याच हातात आली. ती त्याच्यावरून हात फिरवू लागली... एकदा, दोनदा... तो मान वर करून तिच्याकडं बघत होता. तिसऱ्यांदा तिचा हात भलतीकडूनच फिरला.

"डोळं किती भरून आल्यात तुमचं," ती हळूच म्हणाली. "मिरचीनं व्हय?"

"मिरची तुम्ही अजून टाकलीच नाही," वाल्मिक म्हणाला.

गोठ्यातून रतनबाई ओरडली, "आगं, दृष्ट काढतीस का लावतीस?"

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढं भरली. वाल्मिकनं नवं दप्तर वाचलं. आबासाहेब मिशीतल्या मिशीत हसले. "कागदावर शेळ्या कुणीबी वाढवील. पिवळे बिल्ले काय, बाजारात ढिगानं मिळत्यात. कुठं हाईत शेळ्या? दावा की!"

रोहिणी उठली. तिनं पदर खोचला, बोळाकडं तोंड केलं आणि हाक मारली, "छबूमावशीऽ, सोडा!"

मग जे आलं ते बघून मारुतीही शेपूट सावरून बसला असेल. या बोळातून शेळ्या, त्या बोळातून गाई, मधून मेंढरं, आणि सगळ्यांच्या कानात पिवळा बिल्ला. पहिल्याच फेरीत आबासाहेबांच्या गळ्यातला झेंडूचा हार गेला. मेहुण्यानं मंगल कार्यालयाचा रंगीत नकाशा उंच धरला, तर एक बोकड त्याच्या खुर्चीवर चढला आणि नकाशाचा स्वयंपाकघराचा भाग खाऊन उतरला.

"ही आपल्या गावची न्हाईत!" आबासाहेब ओरडले. "भाड्यानं आणल्यात! त्या तिकडं, त्या पांढऱ्या शेळ्या कुणाच्या हाईत? सांगा की!"

"माझ्या," मागून बाईचा आवाज आला.

पांढऱ्या शेळ्यांच्या दोऱ्या हातात धरून विजयमाला उभ्या होत्या. आबासाहेबांच्या धर्मपत्नी.

"आपल्याकडं शेळ्या हाईत?" आबासाहेबांचा आवाज एकदम बारीक झाला.

"लई दिसापासनं. घरी असता कवा तुमी? गायरान दिलं तर ह्या तुमच्या हापिसात बांधीन, सांगून ठिवते."

त्यानंतर कुणी भाषण केलं नाही. हात वर झाले, सगळ्यात आधी विजयमालांचा, आणि मग इकडंतिकडं बघून, अगदी हळू, आबासाहेबांचाही. गायरान गावाचं राहिलं. रतनबाईनं भर सभेत लेकीला मिठी मारली आणि ती रडली.

दुसऱ्या दिवशी रोहिणी गायरानात शेळ्या घेऊन गेली, तर वाल्मिक आधीच तिथं बांधावर बसलेला. चेहरा उतरलेला.

"बदली आली," तो म्हणाला. "राहात्याला. मीच मागितली होती, इथं आलो तेव्हा."

रोहिणी शेळ्यांकडं बघत म्हणाली, "चांगलं झालं की... आईच्या हातचं खायला मिळंल." मग तिला राहवेना. "मी मात्र इथून हलनार न्हाई. कालचा ठराव झाला म्हणून मेहुणा गप बसंल व्हय? गायरान रोज राखायला लागतं. म्हंजे... मी आपलं सांगून ठिवलं. तुमी विचारलं न्हाई तरी."

"विचारणारच होतो. पण उत्तर माहीत होतं, म्हणून आधी बदली रद्द करायचा अर्ज देऊन आलो."

"कारण काय लिवलं?"

"बोरदऱ्यात जनावरं फार आहेत. आणि एक मुलगी आहे, ती मला फार आवडते... हे दुसरं लिहिलं नाही. ते साहेबांना सांगायचं नव्हतं. तुम्हाला सांगायचं होतं."

वारा पडला होता. शेळ्या आपल्या चरत होत्या. रोहिणीनं हातातली काठी जमिनीवर ओढत एक लांब रेघ काढली, ती पायानं पुसली, पुन्हा काढली.

"रविवारी सुट्टी असती न्हवं तुमाला?"

"असते."

"मग घरी या. लशीचा डबा नको, चिमटा नको."

"मग काय घेऊन येऊ?"

रोहिणी शेळ्यांमागं चालायला लागली होती. वळून न बघताच ती म्हणाली, "तुमच्या आईला."