बदल सेव्ह करायचे का?

त्या दुपारी प्लगची ताई बंद झाली. दुकान बंद होतं तशी नाही; कॉम्प्युटरवरची विंडो बंद होते तशी. पण असं काही झालंच नाही असं समजून आपण पुढे जाऊ. प्लगही तसंच समजून रोज दोघांचा चहा टाकतो.

तर प्लग. हे नाव ताईनेच ठेवलेलं. लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर घरबसल्या, दुरून दुरुस्त करायचे हे त्याचं काम, आणि समोरच्याने कितीही रडगाणं गायलं तरी त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "प्लग लावलाय का?" आईवडील गेल्यापासून घरात ही दोघंच. ताई त्याला टोमणे मारायची आणि त्याचे शर्ट इस्त्री करायची, कॅमेऱ्यात फक्त कॉलर दिसत असली तरी.

दातांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्ट बाईंचा फोन आला. एक्स-रे स्क्रीनवर अडकला होता. प्लगने त्यांच्या कॉम्प्युटरचा ताबा घेतला, तसा इकडे त्याच्या स्क्रीनभर एक जबडा पसरला. करडा, अक्कलदाढेसकट.

"हलतच नाहीये हो. डॉक्टर ओरडतायत, पेशंट आ करून बसलाय."

"तोपर्यंत मिटायला सांगा त्याला. बघतो मी."

या धंद्यात एक घोळ सगळ्यांच्या हातून होतो. शॉर्टकट दाबायचा असतो समोरच्याच्या कॉम्प्युटरवर आणि लागू होतो आपल्याच. म्हणून प्लगने ऑल्ट-टॅब जपून दाबलं. पुढची विंडो मागे जावी, मागची पुढे यावी, एवढीच अपेक्षा. जबडा हलला नाही. प्लगच्या कॉम्प्युटरवरही काही हललं नाही.

मागच्या खोलीत इस्त्री करत असलेली ताई मात्र त्याच्या टेबलासमोर उभी होती. हातात गरम इस्त्री, वायर लोंबकळत.

"मी इथे कशी आले रे?"

"चालत."

"चालले असते तर आठवलं असतं ना."

"वय झालं तुझं," प्लग म्हणाला आणि हसला. हसू चेहऱ्यावर नीट बसेना. त्याने कंट्रोल-झेड दाबलं, केलेलं परत फिरवणारं. समोर कुणी नव्हतं. आतून इस्त्रीचा फुस्स आवाज आला, आणि ताई मघाशी गुणगुणत होती तीच ओळ पुन्हा, पहिल्यापासून.

शहाणा माणूस इथे थांबला असता. प्लग सपोर्टवाला होता. त्यांच्यात एकदाच झालेली गोष्ट झाली असं धरतच नाहीत. त्याने परत ऑल्ट-टॅब दाबलं.

ताई समोर. या वेळी गाणं नव्हतं.

"प्लग, हे तू करतोयस?"

"बहुतेक."

"पुन्हा नको करूस. मधे एक जागा लागते." तिने इस्त्री छातीशी धरली. गाऊन करपल्याचा वास आला, पण तिचं लक्ष नव्हतं. "तिथे कुणीतरी आ करून बसलंय."

प्लगने दोन्ही हात वर केले, पोलिसांसमोर करतात तसे. मग एकच हात खाली आणून माउस हलवला. बाण जागचा हलेना.

"अहो, करू ना बंद?" फोनवर बाई म्हणाल्या.

प्लगने विचार केला. इथून दाबलेलं इथे घरात लागू होतंय. म्हणजे तिथून दाबलेलं तिथेच लागू होणार. यात काही चूक निघत नव्हती.

"बाई, मी हात लावत नाही. तुम्हीच दाबा. ऑल्ट आणि एफ-फोर, एकत्र. समोरची विंडो बंद होईल."

"दाबलं. विचारतंय, बदल सेव्ह करायचे का?"

हा प्रश्न दिवसभर येतो. उत्तर तोंडात बसलेलं असतं.

"नाही म्हणा."

"प्लग, मला..." ताई म्हणाली.

"गेला बाई जबडा एकदाचा! थँक यू हं." फोन कट झाला.

इस्त्री पडल्याचा आवाज आला नाही. इस्त्रीही नव्हती.

कंट्रोल-झेड.

कंट्रोल-झेड.

मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल नव्हतं, फरशीवर त्याच्या पायांच्या खुणाही नव्हत्या. प्लगने कपाट उघडलं. सगळे शर्ट चुरगळलेले होते. अंगातलासुद्धा.

त्याने रीतसर तक्रार नोंदवली. नियमाप्रमाणे तक्रार ज्याने काम केलं त्याच्याकडेच येते, म्हणून ती रोज सकाळी त्याच्याच स्क्रीनवर उघडते:

"विषय: सेव्ह न करता बंद झालेली सख्खी मोठी बहीण परत उघडून मिळणेबाबत. वरील विषयास अनुसरून विनंती की, सदर बहीण आहे त्या स्थितीत, इस्त्रीसह, अर्जदाराच्या ताब्यात देण्यात यावी. तांत्रिक कारणाने ते शक्य नसल्यास तिचे अर्धवट राहिलेले वाक्य तरी पूर्ण करून मिळावे, ही नम्र विनंती."