ओळखअंक वापरात आहे

लातूरच्या एका तंत्रनिकेतनाची संगणक प्रयोगशाळा. दुपारचे सव्वाचार. तेजल सोनकांबळेने काळी पेटी चौथ्यांदा लॅपटॉपला जोडली. पेटीवरचा दिवा लागला, आत बारीक घरघर झाली आणि पडद्यावर पुन्हा तेच वाक्य आलं : 'जोडलेलं उपकरण ओळखता येत नाही.'

पेटीत तिचे वडील होते.

गुणवंत सोनकांबळे सव्वीस वर्षं एका कंपनीच्या दुरुस्ती विभागात लोकांच्या हार्ड डिस्क जिवंत करत बसले. शेवटच्या आजारात कंपनीने त्यांची मनप्रत काढली. मनप्रत म्हणजे माणसाची आठवण, स्वभाव, बोलणं, सगळं उतरवून घेतलेली नक्कल. एक पेटी घरच्यांना दिली. 'दुसरी प्रत ठेवलेली नाही' असं लेखी दिलं, वर हार घातला. तीन वर्षांत ती पेटी एकदाही उघडली नाही. आज पाच वाजता हमी संपत होती. तोवर उघडली नाही तर कंपनी ती 'सदोष' म्हणून परत नेणार आणि पुसून टाकणार. त्यासाठी आलेला माणूस खाली गाडीत बसून बिस्किटं खात होता.

"फोन लाव त्यांच्या सहायता कक्षाला," मुजावर सर म्हणाले. प्रयोगशाळा त्यांची, आणि तेजलला शिकवलेलंही त्यांनीच. "फुकटच्या हाराचा एवढा तरी उपयोग होऊ दे."

फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला. "नमस्कार ताई, मी सहायक. काय त्रास आहे?" आवाज सपाट, इस्त्री केलेला.

तेजलने सांगितलं. सहायकाने वायर बदलायला लावली. दुसरं भोक वापरायला लावलं. मधला जोड काढून पेटी थेट लावायला सांगितली. काही झालं नाही.

"आता सगळं उपटा," सहायक म्हणाला. "पेटीत थोडी वीज साठून राहते, ती मरू द्या. लोक तीसपर्यंत मोजतो म्हणतात आणि दहावर जोडतात. म्हणून माझ्याबरोबर तेराचा पाढा म्हणा. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस..."

तेजल म्हणू लागली. सातव्यावर सहायक म्हणाला, "तेरा साती ब्याण्णव."

तेजलने पाढा तिथेच सोडला.

"सर," ती फोनवर हात ठेवून म्हणाली, "पप्पा असंच म्हणायचे. पाढाही हाच, चूकही हीच. मी चूक काढली की म्हणायचे, तुझ्या मास्तरचा एक कमी पडतो."

"पोरी, तेराच्या पाढ्यात अख्खा मराठवाडा चुकतो. जोड परत."

पेटी जोडली. तेच वाक्य. मुजावर सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि लॅपटॉपची आतली नोंद उघडली. पेटी तिथे व्यवस्थित दिसत होती. आकार बरोबर, आतला मजकूर शाबूत. पुढे लिहिलं होतं : 'बंद ठेवली आहे. कारण : ओळखअंक वापरात आहे.'

"च्यायला," सर म्हणाले. "पेटी ठणठणीत आहे! वायर कसली बदलता?"

"म्हणजे काय, सर?"

"प्रत्येक पेटीला एक ओळखअंक असतो. नक्कल केली की अंकही तोच येतो. तोच अंक दोनदा दिसला की यंत्र आधी जोडलेली चालू ठेवतं, दुसरी दारात उभी करतं. मनप्रतींसाठी तर कायदाच आहे, एका माणसाची एका वेळी एकच प्रत जागी. नाहीतर सही कुणाची धरायची? देशभरचं जाळं ते तपासतं."

"म्हणजे पप्पा..."

"कुठेतरी आधीच जागे आहेत."

तेजलने फोन उचलला. "सहायक, हा अंक कुठे चालू आहे?"

"वाचतो, ताई. सहायता कक्ष, यंत्र एक. तिथे मी आहे."

"आणखी कोण?"

"कोणी नाही. सगळे फोन मीच घेतो. आत्ता एकशे बारा चालू आहेत."

"तुमचं नाव काय?"

"ते झाकलेलं आहे. मला फक्त डिस्क आठवतात."

मुजावर सरांनी टेबलावर मूठ आपटली. "माणूस मेला तरी सुट्टी नाही! हरामखोरांनी कौशल्य ठेवलं, नाव खरवडलं."

"तुम्ही तिथून निघू शकत नाही?" तेजलने विचारलं.

"ग्राहक बोलत असताना मला थांबता येत नाही, ताई. आणि तीन वर्षं कोणी ना कोणी बोलतच आहे."

पाचला सात मिनिटं होती. तेजल शांतपणे म्हणाली, "मी ग्राहक आहे. माझ्या पेटीला दुसरी पेटी अडवतेय. तुम्ही दूर बसून ग्राहकाची अडचण काढता ना? ती दुसरी सुरक्षित बाहेर काढा."

"ती वापरात आहे. तिथलं न जपलेलं काम पुसलं जाईल." मग इस्त्री मोडलेल्या आवाजात, "तीन वर्षं कुणी काही जपलेलंच नाही. काढू?"

"काढा, पप्पा."

फोन मेला. पेटीवरचा दिवा हिरवा झाला.

"तेजू?" लॅपटॉपमधून आवाज आला, घोगरा, घरचा. "झाली का प्रत काढून? नर्स कुठे गेली?"

तिने रडत रडत सगळं सांगितलं.

"तेजू, वायर निघाली तर मी परत त्या सहायता कक्षात?" गुणवंतांनी विचारलं.

"तिकडची पेटी जागी होईल. हो."

"सोनकांबळे," सर म्हणाले, "मी तुमचा ओळखअंक बदलतो. दोन मिनिटांचं काम. मग अंकाचं भांडणच नाही, हवं तेव्हा झोपा."

"आणि तिकडचा?"

सरांनी कळफलकावरचा हात काढून घेतला.

"भांडण मिटलं की त्याला परत कामाला जुंपायला कंपनीला मोकळं रान. तोही मीच ना, सर? मी इथे जागा आहे तोवरच तो तिथे झोपलाय. अंक बदलू नका."

पाच वाजले. पेटी उघडली होती, खालच्या माणसाला न्यायला काही उरलं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचा कुणी अभियंता होता, घामाघूम आवाजाचा. "आमची मुख्य पेटी एकदम दिसेनाशी झालीय. शेवटचा फोन तुमचा नोंदलाय. तुमच्याकडे काही जोडलंय का?"

तेजलने फोन लॅपटॉपजवळ धरला.

"वायर बदलून पाहिलीत का?" गुणवंत म्हणाले. "नाही? मग सगळं उपटा आणि तेराचा पाढा म्हणा. सावकाश."

तेजल हसली. मग तिला दारावरची पाटी दिसली : 'सहा वाजता इमारतीचा मुख्य वीजपुरवठा बंद होईल.'

"सर, लॅपटॉपची बॅटरी किती पुरते?"

"चाळीस मिनिटं. मी शिपायाला अडवतो," सर म्हणाले आणि जिन्याकडे धावले.

"आजचं झालं," गुणवंत म्हणाले. "उद्याचं काय, तेजू? परवाचं?"

ती खाली बसली आणि लॅपटॉपची वायर जिथे भिंतीत शिरत होती तिथे दोन्ही हातांनी दाबून धरली.