लाल डोळ्यातला माणूस

"माझे यजमान त्या पक्ष्याच्या डोळ्यात उभे आहेत," बाई म्हणाल्या आणि पदराने कपाळ टिपले.

भावजींच्या हातातली बिस्किटांची बशी कलंडली.

वहिनी मात्र हलल्या नाहीत. खासगी तपासाचे काम त्या बारा वर्षे करत होत्या. बँकेतून निवृत्त झालेले त्यांचे दीर टिपणे लिहायला सोबत असत. त्यांच्या वहीत टिपणांपेक्षा प्रश्नचिन्हेच जास्त असत. साऱ्या गल्लीसाठी ती जोडी म्हणजे वहिनी आणि भावजी.

"नीट सांगा. घाई नाही," वहिनी म्हणाल्या.

बाई शाळेत शिवण शिकवत. पाच महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान गावाबाहेरच्या तळ्यात बुडाले. त्यांना पक्ष्यांचे फोटो काढायचा भारी नाद. त्या रविवारी सकाळी ते एकटेच गेले होते, असे सगळे म्हणत. देह काठापासून वीस पावलांवर मिळाला, पाय गाळात रुतलेले. बूट आणि कॅमेरा काठावरच्या झाडाला व्यवस्थित टांगलेले.

"कॅमेरा इतका जपून ठेवलाय, म्हणजे ठरवूनच उतरले, असं पोलीस म्हणाले. लोकही म्हणतात, माझ्या पाठीमागे." बाईंनी पदर सावरला. "आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. त्या नादावरूनच. ते माझ्यामुळे गेले का, एवढंच मला कळायला हवं."

"आणि डोळ्याचं काय?"

"काल छंदमंडळाच्या प्रदर्शनात गेले. यांचे मित्र, दाताचे डॉक्टर, त्यांचा फोटो दारासमोरच लावलाय. पक्षीघरातला रातबगळा. भिंतभर मोठा, लालभडक डोळा बशीएवढा. त्या डोळ्यात वर मोकळं आभाळ आणि खाली हे. कमरेपासून वरच दिसतात. एक हात उंच केलाय. मला बोलावतायत हो."

भावजींच्या अंगावर काटा आला. "वहिनी, भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. इथं तर पायच नाहीत!"

"भावजी, आधी बिस्किटं उचला."

तासाभरात दोघे प्रदर्शनाच्या दालनात होते. माणूस खरोखरच दिसत होता. चेहरा ओळखू येत नव्हता, पण वर गेलेला हात स्पष्ट होता. वहिनी डोळ्यापाशी थोडाच वेळ थांबल्या. पंखांची टोके मात्र त्यांनी भिंग लावून पाहिली. ती नव्या लेखणीसारखी रेखीव होती. खाली चिठ्ठी होती : 'बंदिस्त पक्षी विभाग. स्थळ : पक्षीघर.'

"चला ना," भावजी पुटपुटले. त्यांना त्या डोळ्याकडे पाठ करायची हिंमत होत नव्हती, म्हणून ते दारापर्यंत उलटे चालत गेले.

छपाईवाला आपल्या कामावर खूश होता. "डोळा मीच उजळला. डॉक्टरांनी दिला तेव्हा काळाकुट्ट होता. डोळा मेला की चित्र मेलं!"

"डॉक्टरांना आवडला?"

"भिंतीवर बघितला आणि चेहराच उतरला त्यांचा. म्हणाले, काढून टाका. पण तोवर पाहुण्यांनी पहिलं बक्षीस जाहीर केलं होतं. आता कसा काढणार?"

पक्षीघराचा राखणदार तिरसट होता. "डॉक्टर अधूनमधून सकाळी मागच्या दारानं येतात. त्याची नोंद नसते. त्या रविवारी आले होते की नाही, मी काय कुंडली मांडून बसतो?"

"बाईंच्या यजमानांशी तुमचं वाकडं होतं म्हणे."

"होतं. माझी तक्रार केली होती त्यांनी." त्याने पिंजऱ्याकडे बोट दाखवले. आत चार रातबगळे होते; चारही बाजूंनी आणि डोक्यावरही जाळी. "जागा अपुरी, पंख जाळीला घासतात. एकाचंही टोक धड नाही बघा. रागावलो होतो खरा, पण माणूस खोटं बोलत नव्हता."

"हाच!" बाहेर येताच भावजी म्हणाले. "मनात राग धरला होता."

"राग धरणारा माणूस स्वतःच्या पिंजऱ्याची लाज दाखवत नाही, भावजी."

दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना लख्ख होता. "नेहमी आम्ही दोघं जायचो. त्या दिवशी नेमका मी पक्षीघरात गेलो. प्रदर्शनातल्या त्याच फोटोवर त्या सकाळची वेळ आहे, सात वाजून दहा मिनिटं. पोलिसांनी मोबाइलवर पाहिलाय."

"मला या छंदातलं काही कळत नाही," वहिनी म्हणाल्या. "दोघं असलं की काय फायदा?"

डॉक्टरांचे डोळे चमकले. "पक्षी तोंड फिरवून बसला, की एकानं कॅमेरा ठेवून बाजूनं फिरायचं. पक्षी त्याच्याकडे मान वळवतो आणि दुसरा—" ते थांबले. "मला पेशंट आहेत."

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडण्याआधी वहिनींनी सगळ्यांना त्या फोटोसमोर बोलावले.

"पंखांची टोकं बघा," त्यांनी राखणदाराला सांगितले. "हा तुमचा पक्षी?"

"छे! हा जाळीत कधी राहिलाच नाही."

"आणि डोळ्यात जाळीची एकही रेघ नाही, नुसतं आभाळ. लोक पिंजऱ्यातला पक्षी रानातला म्हणून खपवतात. डॉक्टरांनी रानातला पिंजऱ्यातला म्हणून खपवला. का? तर त्या सकाळी आपण तळ्यावर नव्हतो, हे दाखवायला. लहान पडद्यावर काळ्या डोळ्यात कुणाला काही दिसलं नाही. छपाईवाल्यानं तो उजळला."

"मग हा भूत नाही?" भावजींनी विचारले.

"नाही. हा खालचा काळा ठिपका डॉक्टरांचा कॅमेरा. आणि हा माणूस कमरेपर्यंतच दिसतो, कारण कमरेखाली तो गाळात आहे. कॅमेरा झाडाला टांगून पक्ष्याकडे जाणारा स्वतःच्या फोटोसाठी जात नाही. दुसऱ्यासाठी पक्ष्याची मान वळवायला जातो. म्हणजे दुसरा तिथं होताच. डॉक्टर, असा फोटो जन्मात एकदा मिळतो. तो लपवून ठेवायला तुमचा जीव होईना."

डॉक्टर भिंतीला टेकले.

"मी त्याला ढकललं नाही," ते म्हणाले.

बाई पुढे आल्या. "त्यांनी तुम्हाला हाक मारली नाही?"

"मारली." डॉक्टर फोटोकडे न बघता म्हणाले. "पण हळू, अगदी दबक्या आवाजात. पक्षी उडू नये म्हणून. रुतत असतानाही तो माझा फोटो सांभाळत होता. मला वाटलं, काही विशेष नसेल. मान न वळवता मी हात केला, थांब म्हणून."

"मग?"

"सत्तेचाळीस फोटो काढले. वळून बघितलं, तर पाणी सपाट होतं. मी घाबरलो आणि पळालो."

राखणदाराने मान खाली घातली. भावजींच्या वहीवर पेन तसेच टेकलेले राहिले.

बाई बराच वेळ त्या उंचावलेल्या हाताकडे बघत होत्या.

"म्हणजे त्यांना घरी यायचं होतं," त्या म्हणाल्या, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडल्या.