चौदाव्या सांध्याची शांतता

उरणच्या किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षात रेवती तांडेलनं चहाचा घोट घेतला आणि कानांवर हेडफोन चढवले. तिकडे समुद्रात यंत्रपाणबुड्या तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या पायाला बिलगला होता. टण, टण, टण... जराशी उसंत. पुन्हा टण.

हा हात तिच्या वडिलांचा. हिराजी तांडेल पाण्याखाली हातोडीनं सांधे ठोकून तपासायचे आणि गावच्या कीर्तनात बुवांमागे टाळ धरायचे. "बुवा अर्धी ओळ सोडतात, ती उचलायला कान जागा हवा," ते म्हणत. "लोखंडाचंही तसंच गं, बाय." त्यांच्या शेवटच्या फेरीचं ध्वनिमुद्रण ऐकवून यंत्राला शिकवलं होतं. तीन वर्षांपूर्वी गेलेले आबा तिला असे रोज सकाळी भेटायचे.

शेवटचा, चौदावा सांधा आला की मात्र ती हेडफोन काढून हात जोडायची. तिथंच आबांचा श्वास अडकला होता. आज पुण्यतिथी. आज तरी ऐकू, म्हणून तिनं हेडफोन काढले नाहीत.

ठोका पडलाच नाही. नुसती शांतता, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत: ठीक.

"काझीसाहेब, हे ठोकतच नाहीये!"

शेजारच्या पडद्यापुढचे काझीसाहेब हसत उठले. "बापाच्या हातावर संशय, पोरी?"

तिनं मागच्या नोंदी लावल्या. जवळजवळ तीन वर्षं, रोज तीच शांतता. काझीसाहेबांचं हसू मावळलं. आबांच्या त्या शेवटच्या मुद्रणात चौदाव्याला ठोका नव्हता आणि बिघाडाची नोंदही नव्हती. यंत्रानं धडा घेतला होता: इथं गप्प राहायचं आणि 'ठीक' म्हणायचं.

नियंत्रणाचा हातमोजा घालून तिनं यंत्राचा हात स्वतः उचलला आणि ठोका मारला. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला.

वर प्लॅटफॉर्मवर बासष्ट माणसं होती.

"कळवलंस तर ही शिकवण पुसून टाकतील," काझीसाहेब हळूच म्हणाले. "प्रतही ठेवू देणार नाहीत. हिराजी पुन्हा ऐकू येणार नाही."

"वरच्यांनाही घरी पोरी असतील ना, साहेब?"

तिनं कळवलं. दुपारपर्यंत हेलिकॉप्टरांनी माणसं किनाऱ्यावर आणली. मग पुसण्याचा आदेश आला. तिनं यंत्राला एकदा पहिल्या सांध्याशी नेलं. टण, टण, टण... जराशी उसंत.

पुढचा ठोका आला नाही; शिकवण पुसली गेली होती. हेडफोनमध्ये फक्त पाणी होतं.

तिनं सवयीनं हात जोडायला उचलले, आणि ते तसेच अधांतरी राहिले. अर्धी ओळ सोडून गेले होते आबा. पांडुरंगा, ती उचलायची सोडून मी रोज हेडफोन काढून तुझ्यापुढे हात का जोडत बसले?