मधल्या खोलीतला माणूस

रागाच्या भरात वकीलबाई चुकीच्या दारातून आत शिरली आणि समोर दिसलेल्या पहिल्याच माणसावर तिने तोंडाचा पट्टा सोडला.

"लाज नाही वाटत? गंजलेलं मशीन तुमचं, आणि दोष मेलेल्या माणसाच्या माथी? माझ्या वडिलांनी जन्मात घरातला नळ उघडा ठेवला नाही, ते गॅसचा व्हॉल्व्ह उघडा ठेवतील?"

वकीलबाई काही वकील नव्हती. ती कपडे शिवायची. पण लहानपणापासून वादात कुणाला हार जायची नाही, म्हणून घरादाराने ठेवलेलं हे नाव. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गॅस सुटला आणि तीन माणसं जागच्या जागी गेली, त्यांत तिचे वडील होते. म्हाताऱ्याचाच हलगर्जीपणा, असं सांगून मालकाने हात झटकले. तेव्हापासून तिन्ही घरांची माणसं फाटक अडवून बसली होती आणि आत मालकाचा बर्फ वितळत होता. बोलणी करायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी तिलाच पुढे केलं.

त्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाला, "त्यांची खोली उजवीकडे. तुमची डावीकडे. मी... मधला."

"मधला म्हणजे? कुणाचा माणूस?"

"कुणाचाच नाही."

"अरेरे! एवढं वय झालं, अजून कुणाचाच नाही?"

तो कानापर्यंत लाल झाला. ती हसली आणि हसल्याबरोबर तिला अपराधी वाटलं. वडील गेल्यापासून ती हसलीच नव्हती.

तो संशोधक होता. समोरासमोर बसलं की दोन्ही बाजू एकमेकांच्या अंगावर धावून जातात, म्हणून संगणकावरून बोलणी कशी व्हावीत, यावर त्याचा प्रबंध चालला होता. कॉलेजने त्यासाठी ओळीतल्या तीन खोल्या दिल्या होत्या, आणि कारखान्याचा हा तंटा तिथे न्यायला दोन्ही बाजू राजी झाल्या होत्या. प्रत्येक बाजूने आपल्या मागण्यांना शंभरातले गुण वाटायचे. जे जिवाभावाचं त्याला जास्त, जे सोडलं तरी चालेल त्याला कमी. हे गुण समोरच्याला दिसत नसत. दिसत फक्त मधल्या खोलीत.

"म्हणजे मालकाच्या पोटातलं तुम्हाला कळतं?" तिने एका संध्याकाळी विचारलं. बाहेर पाऊस लागला होता आणि दोघं जिन्यात चहा घेत उभे होते.

"कळतं. पण सांगता येत नाही. एकदा सांगितलं की माझ्यावर पुन्हा कोण विश्वास ठेवील?"

"मग मी विचारणार नाही," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "हा शर्ट कुणाचा?"

"माझाच."

"थापा नका मारू. खांदा कोपराच्या वाटेला लागलाय."

"...मोठ्या भावाचा होता."

"काढून द्या. आत्ता नव्हे हो — उद्या!"

तिने पिशवीतून टेप काढली आणि त्याच्या पाठीवर धरली. तो श्वास रोखून ताठ उभा राहिला. "श्वास घ्या," ती म्हणाली, "मेलेल्याचं माप मी घेत नाही." शब्द तोंडातून गेला आणि तिने जीभ चावली. तिचा हात त्याच्या खांद्यावर जरा जास्तच वेळ राहिला. टेप खाली घेतली तेव्हा तिला आकडा आठवेना.

मागण्या चार होत्या. भरपाई आणि घरातल्या एकाला काम, या दोन मालकाने कबूल केल्या. उरल्या दोन: वडिलांवरचा दोष मागे घेऊन लेखी माफी, आणि जुनी मशीनरूम कायमची बंद. यांतली एकच मिळेल, कोणती ते निवडा, असा निरोप आला. आईने बजावलं होतं, "त्यांच्या नावावरचा डाग पुसून ये. नाहीतर मला तोंड दाखवू नकोस." इकडे धाकटा भाऊ त्याच मशीनरूममध्ये कामाला होता. फाटक उघडलं की वडिलांच्या जागेवर तोच उभा राहणार होता. इकडे आड, तिकडे विहीर.

गुण वाटताना तिने मशीनरूमला माफीहून जास्त दिले होते, पण आईच्या शब्दाखातर तिने माफी निवडली. उत्तर पाठवणार तेवढ्यात मधल्या खोलीचं दार उघडलं.

"आज नका पाठवू," तो म्हणाला.

"का?"

त्याने तोंड उघडलं... आणि मिटलं.

"नका सांगू," ती हळूच म्हणाली. "तुम्ही कुणाचेच नाही, म्हणून तर मला..." पुढचं तिने गिळलं आणि बटण दाबलं. मालकाने कुरकुरत माफी कबूल केली.

पण एक पायरी उरली होती. करार ठरला की संगणक दोन्ही बाजूंचे गुण ताडून बघायचा आणि दोघांनाही जास्त बरा वाटेल असा दुसरा करार असला, तर तो सुचवायचा. पडद्यावर अक्षरं उमटली: माफी सोडा, मशीनरूम कायमची बंद. दोघांची संमती हवी. आणि तिने वाचून संपवायच्या आत पलीकडच्या खोलीतून 'हो' आलंसुद्धा.

 ती तशीच मधल्या खोलीत गेली.

"मालक मशीनरूम सहज सोडील, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि हे पोटात ठेवून तुम्ही माझ्यासमोर माप द्यायला उभे राहिलात?"

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काय करू मी?"

"ते... मी नाही सांगू शकत."

"बरोबर. तुम्ही कुणाचेच नाही," ती म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही. ती परत गेली, भावाचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि 'हो' दाबलं.

मशीनरूमला कुलूप लागलं. मशीन तोडून भंगारात गेलं. धाकट्याला माल चढवायच्या कामावर घेतलं. आई एकच वाक्य बोलली, "बापाला विकून भावाला आणलंस," आणि मग लेकीशी बोलणंच तिने टाकलं. दोघी एकाच खोलीत शिलाई मशीनवर बसत, पण मध्ये भिंत असावी तशा. त्याच्या मापाने उसवून शिवलेला त्याचा शर्ट कपाटात घडी होऊन पडला होता. तो परत पाठवायचं तिला जमत नव्हतं, आणि बोलावणं धाडायचंही.

एका पावसाळी संध्याकाळी संशोधकच दारात उभा राहिला, नखशिखान्त भिजलेला.

"काकू, तुमच्याशी बोलायचंय." तो आईसमोर खाली बसला. "हा करार मी प्रबंधातून काढून टाकलाय. माझ्या मार्गदर्शकांना सांगितलंय की मी नियम मोडतोय."

"कधी मोडलात?" वकीलबाईने विचारलं.

"आत्ता मोडतोय. काकू, मालकाने मशीनरूमला पाच गुण दिले होते. आणि माफी लिहून द्यावी लागू नये याला, ऐंशी. हा पुरावा नाही, कोर्टात टिकायचा नाही. पण ज्याचं मन स्वच्छ असतं तो एका ओळीला इतका घाबरत नाही."

आईने मान वर केली. "आणि कागदावर?"

"कागदावर दोष त्यांचाच राहील."

"कायमचा?"

"हो."

आईने डोळे मिटले. वकीलबाईने कपाटातून शर्ट काढून त्याच्या हातात दिला.  "यात तुझी पदवी जाईल. कशाला सांगितलंस?"

"त्या खोलीत बसून बसून कंटाळलो," तो म्हणाला. "मला तुझं व्हायचंय. उशीर झाला असला तर... तसं सांग."

ती काही बोलणार तोच धाकटा कामावरून आला, केस झटकत. तिघंही त्याच्याकडे बघतच राहिली. "काय झालं?" तो बावचळला. "असं काय बघताय?"

 संशोधक आत जाऊन कोरडा शर्ट घालून आला. आई उठली. त्याच्या खांद्याची शिवण चिमटीत धरून तिने पाहिली आणि कितीतरी दिवसांनी लेकीकडे वळून बोलली.

"डावा खांदा सैल सोडलायस. असं शिकवलं होतं मी? उसव. उद्या येईल तो न्यायला."